आठवं दार

१

बाबांनी आमच्या घराला आठ सेन्सर बसवले होते. आम्हाला सात सापडले.

आठवा नुसता हरवला असता तर कुणी त्याच्या मागे लागलं नसतं. पण तो रोज सकाळी कुठलं तरी दार उघडल्याचं कळवायचा, संध्याकाळी ते लागल्याचं कळवायचा, आणि हे दार कुठलं ते घरातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

आम्हाला हे कळलं ते सायरनमुळे. बाबांना जाऊन महिना होत आला होता. आईचे डोळे तपासायचे होते, दवाखान्यात पहिला नंबर लावला होता, म्हणून उजाडताच निघालो. दादाने बाबांनंतर पहिल्यांदाच अलार्म चालू केला, कुलूप लावलं, ते दोनदा ओढून पाहिलं आणि म्हणाला, "आता माशी शिरायची नाही."

आम्ही गल्लीच्या तोंडाशी पोचलो नाही तोच त्याचा फोन किंचाळला, आणि पाठोपाठ घर.

धावत परत आलो. समोरचा इस्त्रीवाला, कोपऱ्यावरच्या शाळामास्तरीणबाई, कुणाकुणाचे पाहुणे, सगळे फाटकाशी जमले होते. कानांवर हात ठेवून सगळे एकमेकांना विचारत होते, "काय झालं, काय झालं?" कुलूप जसंच्या तसं. मागच्या दाराची कडी आतून. खिडक्या बंद. आईचा चहाचा कप ओट्यावर पालथा, ती ठेवून गेली होती तसा.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला शेजारचं अंगण दिसलं. शेजारचे गृहस्थ आमच्याकडे पाठ करून झाडांना पाणी घालत होते. सगळी गल्ली गोळा झाली होती. त्यांनी मानसुद्धा वळवली नव्हती.

दादाने पॅनेलवर कोड दाबला. सायरन थांबला. पडद्यावर अक्षरं होती: झोन आठ, उघडा.

"आठ म्हणजे कुठलं दार?" दादाने विचारलं.

आई पदराने घाम पुसत म्हणाली, "अरे, आपल्याकडे सातच तर आहेत!"

२

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. जन्मभर त्यांनी दारंच पाहिली म्हणायला हरकत नाही, कारण दार नीट लागल्याशिवाय लिफ्ट जागची हलत नाही. घरीही तेच. आम्ही शाळेतून आलो की आधी विचारायचे, "दार लागलं का?" मग, "गणितात किती?"

अडकलेल्यांच्या गोष्टी त्यांच्याकडे खूप होत्या. ते म्हणायचे, "अडकलेला माणूस आधी ओरडतो. त्याला वाटतं, आवाज बाहेर जातोय. जात नसतो. म्हणून लिफ्टमध्ये घंटा ठेवतात."

गेल्या हिवाळ्यात त्यांनी हा बिनतारी अलार्म आणला. एक पॅनेल, एक सायरन, आणि काडेपेटीएवढे सेन्सर. प्रत्येकाचे दोन तुकडे असतात. एक चौकटीवर, दुसरा, म्हणजे चुंबक, दारावर. दार उघडलं की तुकडे लांब जातात आणि सेन्सर हवेतूनच पॅनेलला कळवतो. कुणाला न बोलावता त्यांनी सगळं एकट्याने बसवलं. प्रत्येक स्क्रू फिरवताना त्याची खाच बरोबर उभी येईल असा थांबवला. ही त्यांची जुनी खोड. आमच्या घरातल्या स्विचबोर्डांचे, बिजागऱ्यांचे, आरशाचे, सगळे स्क्रू शाळेतल्या मुलांसारखे ताठ उभे आहेत.

ते गेल्यावर दादाने अलार्मवाल्याला बोलावलं. आई एकटी राहणार, तर अलार्म दादाच्या फोनला जोडायला हवा होता. बाबांचा मुख्य कोड कुणाला माहीत नव्हता, तेव्हा अलार्मवाल्याने पॅनेल मुळापासून नव्याने लावलं. सेन्सर पॅनेलच्या ओळखीत राहिले, पण बाबांनी त्यांना दिलेली नावं पुसली गेली. कुठल्या दाराने नुसतं टिंग करायचं आणि कुठल्याने सायरन वाजवायचा, ही त्यांनी केलेली वाटणीही गेली. अलार्मवाल्याने सरसकट सगळ्यांना सायरनवर टाकलं.

सायरनच्या दिवशी तो पुन्हा आला. आम्ही एकेक दार उघडत गेलो आणि तो पॅनेलपाशी ओरडत गेला.

"पुढचं?"

"एक!"

"मागचं?"

"दोन!"

गच्ची तीन. स्वयंपाकघराची खिडकी चार. निजायच्या खोल्यांच्या खिडक्या पाच आणि सहा. जिन्याखालची खोली सात. आठ मात्र आपला उघडाच. पॅनेलच्या नोंदीत तो रोज सकाळी उघडत होता आणि संध्याकाळी लागत होता.

"बॅटरी चांगली आहे हो याची," अलार्मवाला डोकं खाजवत म्हणाला, "पण सिग्नल बघा. बाकीच्यांना चार-चार, पाच-पाच कांड्या. गच्चीवाल्यालासुद्धा तीन. याला एकच."

"म्हणजे?"

"म्हणजे लोखंडात असणार. कपाट, ट्रंक असं काही. पत्रा सिग्नल खातो ना, दादा."

मग आम्ही घरातलं सगळं लोखंड उघडलं. ट्रंकेत माझी बाहुली निघाली. कपाटात दादाचं, त्याने फाडून टाकलं असं सांगितलेलं, प्रगतिपुस्तक निघालं. आईने ते वाचायला घेतलं तेव्हा दादा म्हणाला, "आई, आपण चोर शोधतोय." सेन्सर कुठेच नव्हता.

"काढून टाकू का आठवा?" अलार्मवाल्याने विचारलं. "पॅनेलमधून उडवला की विषय संपला."

"नको," आई म्हणाली. "त्यांनी लावलंय ते."

दादा तिच्याशेजारी बसला. "आई, ऐक. मला या घरातलं एक दार सापडत नाहीये आणि ते कुणीतरी उघडतंय. अशा घरात मी तुला एकटीला ठेवणार नाही. रविवारी गाडी आणतो. माझ्याकडे चल."

"आणि घर?"

"घराला कुलूप."

 आईने उठून पॅनेलवरची धूळ पदराने पुसली. त्यावर धूळ नव्हती.

मी बाबांचा स्वेटर घालून जिन्यात बसले होते. तो अजून धुतला नव्हता, म्हणजे मीच धुऊ दिला नव्हता. कोपरावर कसलासा हिरवा डाग होता, तोही तसाच ठेवला होता. मला वाटलं, आता एकच माणूस उरलं आहे. मी आत्याला फोन लावला.

३

आत्या बाबांची धाकटी बहीण; तीही त्यांना दादाच म्हणायची. तिने सारी नोकरी विमा कंपनीत दावे तपासण्यात काढली. जळालेल्या दुकानात उभं राहून कपड्याचे तागे जळाले होते की आधीच हलवले होते, ते राखेवरून सांगायची. बाबा म्हणायचे, "हिच्यासमोर मी शिंकलो तरी पुरावा मागते."

ती दुपारी आली, विणकामाची पिशवी घेऊन. आईला जवळ घेतलं. मग आत्या म्हणाली, "वहिनी, चहा टाका. आणि बाळ्या, तू ते कपाटाबिपाटाचं सोड. कपाट दिवसभर कोण उघडं ठेवतं?"

दादाने हातातली कपाटाची किल्ली खाली ठेवली. हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं; माझ्याही नव्हतं.

"सकाळी उघडतं, संध्याकाळी लागतं," आत्या म्हणाली. "हे दारच आहे, आणि रोजच्या वापरातलं. आता मला एकेकाला भेटू दे."

पहिली आई. "वन्सं, मला त्यातलं काही कळत नाही. ते त्यांचं खेळणं होतं. सकाळी चहा घेऊन त्याच्यासमोर उभे राहायचे, पेपर वाचल्यासारखे."

"काही म्हणायचे?"

"हसायचे. मी म्हणायची, माझ्याकडे बघून कधी एवढं हसला नाहीत."

दुसऱ्या मावशी, आमच्याकडे धुणंभांडी करायला येतात त्या. त्या पदर खोचून, कोर्टात आल्यासारख्या उभ्या राहिल्या. "मी काही उघडलं नाही हं. आधीच सांगते."

"बसा हो. आमचा दादा, म्हणजे तुमचे साहेब, सकाळी त्या पेटीपाशी उभा असायचा तेव्हा तुम्ही असायचात ना?"

"असायची की. मी येऊन नळाशी बसले की थोड्या वेळात ती पेटी टिंग करायची. मग साहेब म्हणायचे, 'हजर!'" मावशींनी जरा घुश्शातच सांगितलं. "मला वाटायचं, माझी हजेरी घेतायत. एवढी वर्षं कामाला येते, कधी खाडा नाही, आणि या वयात माझ्यासाठी यंत्र लावलं! एकदा बोललेसुद्धा मी, साहेब, मी कधीची आलेय. तर हसत सुटले."

आत्याच्या सुया थांबल्या. "रोज व्हायचं हे? एकदाच टिंग?"

"रोज. एकदाच."

तिसरा दादा, आणि त्याचा संशय तयार होता. "शेजारी. छापखाना."

शेजारच्या काकांना बाबांनी ठेवलेलं हे नाव. ते छापखान्यात मशीन चालवायचे. मी कॉलेजात असताना त्यांनी दोन घरांमधली सामाईक भिंत, छापखान्यातून आणलेल्या मशीनच्या हिरव्या रंगाने रंगवली. आमच्या बाजूने भिंतीवर आईच्या पांढऱ्या चादरी वाळत होत्या, त्यांवर हिरवे ओघळ आले. आई काही बोलली, ते काही बोलले, आणि तेव्हापासून दोन घरांत अबोला. घरातल्या मोडक्या खुर्चीसारखी आम्हाला त्याची सवय होऊन गेली होती.

"सगळी गल्ली आली, तो आला नाही," दादा म्हणाला. "सायरन बोंबलतोय आणि हा झाडांना पाणी घालतोय! बाबा गेले तेव्हाही फाटकापर्यंत आला, टोपी काढली, आणि परत गेला. एक शब्द नाही."

"मी दोनदा आपणहून हाक मारली होती," आई म्हणाली. "मागच्या वर्षी. म्हटलं, पुरे झालं आता. वळूनही पाहिलं नाही. तेव्हा ठरवलं, मेले तरी बोलणार नाही."

"आमचा दादा बोलायचा का त्यांच्याशी?" आत्याने विचारलं.

"यांची काय बिशाद! चादरी माझ्या होत्या."

आत्याने सुया पिशवीत ठेवल्या. "आज रात्रीचं जेवण पॅनेलसमोर करू," ती म्हणाली.

४

टेबल ओढून बाहेरच्या खोलीत आणलं. दादा, आई, मी, आत्या. मावशीही मुद्दाम थांबल्या होत्या. अलार्मवाल्याला आत्याने जाऊ दिलं नव्हतं. तो संकोचाने ताट मांडीवर घेऊन बसला होता.

"इतके संशयित एका पंगतीत मी पहिल्यांदाच बघतेय," आत्या म्हणाली. "वाढा."

"आत्या, ही काय पुस्तकातली गोष्ट आहे?" दादा म्हणाला. "असल्या आयडिया या ग्रंथालयाच्या असतात." ग्रंथालय म्हणजे मी.

"ग्रंथालयाला भात वाढ आणि गप्प बस."

मी पॅनेलकडे तोंड करून बसले होते. आठच्या पुढे लाल ठिपका होता. बाहेर ऊन उतरत गेलं, आईने दिवा लावला. अलार्मवाला मावशींना सांगत होता की, त्याच्या स्वतःच्या घरी अलार्म नाही, कुत्रा आहे. आई हसली. महिन्याभरात पहिल्यांदाच, आणि हसल्यावर लगेच पाण्याचा पेला उचलला.

आणि ठिपका विझला.

"बंद झालं," मी म्हणाले.

सगळे जागच्या जागी थांबले. दादाचा घास हातात. आत्याने मोजावं तसं एकेकाकडे पाहिलं. आम्ही सगळे टेबलाशी होतो. घरात दुसरं कुणी नव्हतं. आणि आठवं दार कुणीतरी लावलं होतं.

"रविवारी नाही," दादा हळू आवाजात म्हणाला. "उद्याच. उद्या सकाळी आईला घेऊन जातो."

"एक सकाळ दे मला," आत्या म्हणाली, आणि अलार्मवाल्याकडे वळली. "अहो, तुम्ही या आठाला नुसत्या टिंगवर टाका. सायरन नको."

"म्हणजे आधी होता तसा?"

"मला वाटतं, आधी होता तसाच."

५

सकाळी थंडी होती. मी स्वेटर चढवून खाली आले तर दादा पॅनेलसमोरच्या सोफ्यावर बसल्या बसल्याच झोपला होता, मान वाकडी, पायांवर आईची शाल. आई आणि आत्या कप हातात घेऊन उभ्या होत्या. मावशी नळाशी होत्या.

ऊन ओट्यावर आलं. टिंग झालं नाही.

चहा निवला, दुसरा झाला. ऊन ओट्यावरून खाली उतरलं.

दादा उठला, डोळे चोळत पॅनेलपाशी गेला. "झालं. बॅटरी गेली शेवटी. सुटलो."

"नाही," मी म्हणाले. पडद्यावर तसं काही नव्हतं. आठवा सेन्सर जागा होता, पॅनेलला जोडलेला होता. दार बंद आहे एवढंच तो सांगत होता.

मावशी हात पुसत दारात आल्या. "आज ते वाजलंच नाही का? एक दिवस चुकत नव्हतं, साहेब होते तोवर."

मी कप ठेवायला हात पुढे केला आणि आत्याने माझं मनगट धरलं. तिची नजर माझ्या कोपरावर होती.

"हा डाग कसला?"

"ठाऊक नाही. आधीपासून आहे."

"हा स्वेटर मी विणून दिला तो गेल्या हिवाळ्यात," आत्या म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम बदलला. "वहिनी, तुमच्या घरात हिरवं काय आहे?"

"काही नाही. मला तो रंग..." आई थांबली.

"बाळ्या, उठ. दाराला काही झालेलं नाही. माणसाला झालंय. चल, छापखान्याकडे!"

६

काकांचं पुढचं दार आतून बंद होतं. दादाने ते बडवलं, हाका मारल्या. आत काहीच हललं नाही.

"मुद्दाम करतायत," आई आमच्या अंगणातून म्हणाली, पण तिच्याही आवाजात जोर नव्हता.

"वहिनी, ते ऐकत नाहीत असं नाही. त्यांना ऐकू येत नाही! तुम्ही आत जा, पेटीसमोर उभ्या राहा."

दादाने हिरव्या भिंतीवर पाय टाकला. अबोला झाल्यापासून आमच्या घरातलं कुणीतरी ती भिंत पहिल्यांदाच ओलांडत होतं, असं मला तेव्हा वाटलं. मागोमाग मीही चढले. मागचं दार हिरवं होतं, भिंतीपेक्षा नवा रंग, अजून चकाकणारा. तेही बंद. दादाने शेजारच्या खिडकीची काच फोडली, हात घालून चाचपडत कडी सरकवली, आणि दार ढकललं.

त्याच क्षणी भिंतीपलीकडून आईची आरोळी आली. बाबा गेल्यापासून तिचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता.

"टिंग झालं! अगं उघडलं! आठवं उघडलं!"

काका स्वयंपाकघराच्या फरशीवर, भिंतीला टेकून बसले होते. एक पाय समोर, घोटा सुजून लोटीएवढा झालेला. चेहरा पांढराफटक, ओठ कोरडे. बाजूला उलटलेलं स्टूल. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, आधी दादाकडे, मग माझ्याकडे. मग त्यांची नजर माझ्या अंगावरच्या स्वेटरवर थांबली.

"हाका मारत होतो," ते म्हणाले. आवाज वेडावाकडा, कधी मोठा, कधी अगदी लहान. "पण आवाज निघतोय की नाही तेच मला कळत नव्हतं."

दादा त्यांच्याजवळ गुडघ्यांवर बसला आणि त्यांचा हात हातात घेतला. काल त्याच माणसाला तो चोर म्हणत होता.

मी वर पाहिलं. चौकटीच्या कोपऱ्यात पांढऱ्या प्लास्टिकचे दोन तुकडे होते. चौकटीवर एक, दारावर एक. स्क्रूंच्या सगळ्या खाचा ताठ उभ्या.

मी हात वर करून एका खाचेवरून बोट फिरवलं.

७

घोटा मोडला होता. दवाखान्यात प्लास्टर झाल्यावर आत्या त्यांच्या खाटेशी खुर्ची ओढून बसली, सुया काढल्या, आणि दावा निकाली काढावा तसं आम्हाला सगळं सांगितलं.

"सिग्नलला एकच कांडी, हे अलार्मवाल्याने पहिल्याच दिवशी सांगितलं. तुम्ही म्हणालात, लोखंडात आहे. मी म्हटलं, लांब आहे. गच्चीपेक्षा लांब, म्हणजे घराबाहेर. घराचा अलार्म, म्हणून तुम्ही घरातच शोधत बसलात. अरे, बिनतारी आहे तो. त्याला तुमची भिंत कुठे कळते? जेवताना ठिपका विझला तेव्हा माझी खात्रीच झाली. सगळे समोर होते."

"पण यांचंच घर कशावरून?" दादाने विचारलं.

"सायरन वाजत असताना माणूस पाणी घालत राहतो. एक तर तो निर्ढावलेला असेल, नाही तर बहिरा. वहिनींनी हाक मारली तेव्हाही वळला नाही, पाठ करूनच असणार. तुमचा अबोला होता, म्हणून याचे कान गेलेले तुम्हाला कळलेच नाहीत. कळणार कसे? जो बोलतच नाही, त्याला ऐकू येत नाही हे कुणाच्या लक्षात येणार! राहिला डाग. भांडण जुनं, स्वेटर नवा. हिरवा रंग भिंतीचा असता तर तो कधीच वाळलेला होता. म्हणजे आमचा दादा अलीकडे कुठल्या तरी ओल्या हिरव्याला टेकला होता."

आईने विचारलं, "आणि ते 'हजर' म्हणायचे ते?"

आत्याने खाटेकडे मान केली. दादाने फोनवर मोठ्या अक्षरांत प्रश्न लिहून काकांसमोर धरला. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचला.

"मागच्या हिवाळ्यात असाच पडलो होतो," ते म्हणाले. "न्हाणीघरात. तुमच्या बाबांनी गच्चीवरून पाहिलं, दिवस वर आला तरी माझं मागचं दार उघडलं नाही. भिंत चढून आले. मला उठवलं, बसवलं, पाणी दिलं. बोलले नाहीत. मीही नाही. अबोला होता ना." ते किंचित हसले. "पुढं एकदा मी दार रंगवत होतो, तर स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पुन्हा हजर. रंग ओला आहे म्हणून मी ओरडलो, तर ते काहीतरी म्हणाले. काय ते मला ऐकू आलं नाही. मग ते यंत्र लावलं, दार दोनदा उघडून झाकून पाहिलं, बोटाने तुमचं घर दाखवलं, मग स्वतःचे डोळे दाखवले. आणि गेले."

"एवढंच?" आईने विचारलं. ते आईच्या ओठांकडे बघत होते, त्यांना कळलं.

"एवढंच. बोलायचं काय होतं त्यात?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "ते गेल्यावर वाटलं, आता पलीकडे बघणारं कुणी नाही. पण सकाळी दार उघडताना तोंडातून जायचंच, उठलो बरं का."

आई उठली. तिने खाटेवरची चादर नीट ओढून त्यांच्या पायांवर घातली. पांढरी चादर होती. तिच्या ते लक्षात आलं असावं, कारण ती त्यांच्या अगदी समोर उभी राहिली आणि ओठ नीट हलवून, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "ही रंगवू नका."

काका इतके हसले की नर्स बघायला आली.

८

रविवारी दादा गाडी घेऊन आला, पण गाडीतून एक खोकं निघालं. नवं, लहान पॅनेल. अलार्मवाल्याने आणि त्याने मिळून ते काकांच्या घरी, खाटेवरून दिसेल असं लावलं. त्याला सायरन नाही, दिवा आहे. आमचं मागचं दार उघडलं की तो दिवा लुकलुकतो.

"म्हणजे मी इथेच राहायचं ना?" आईने विचारलं.

"तुझ्यावर लक्ष ठेवायला माणूस ठेवलाय," दादा म्हणाला. "जरा बहिरा आहे, पण डोळे चांगले आहेत." मग प्रगतिपुस्तकाचा विषय निघू नये म्हणून लगेच गाडी धुवायला गेला.

पॅनेलमध्ये सेन्सरांना पुन्हा नावं द्यायची होती. सात सहज झाली. आठव्यापाशी अलार्मवाला थांबला. बाबांनी त्याला काय नाव दिलं होतं हे आता कधीच कळणार नाही. हिरव्या दारापाशी ते काय म्हणाले होते, तेही नाही. मी माझ्या सवयीने दोन-चार नावं सुचवली. आईने सगळी मोडीत काढली. "आठच राहू दे," ती म्हणाली. "आपल्याला माहीत आहे ना कुठलं ते."

काका कुबड्या घेऊन घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी परत जायला निघणार होते. सकाळी खाली आले तर आई मागचं दार सताड उघडं टाकून, कप घेऊन पॅनेलसमोर उभी होती. स्वेटर तिच्या अंगावर होता. मी तो आदल्या दिवशी धुऊन वाळत घातला होता. डाग गेला नव्हता.

आम्ही वाट पाहत राहिलो. कुबड्यांवर स्वयंपाकघरातून दारापर्यंत यायला वेळ लागणारच.

टिंग.

आई हसली. बाबा त्या पेटीकडे बघून कसे हसायचे ते मी कधी पाहिलं नव्हतं. आता पाहिलं असं वाटलं.

"हजर," ती म्हणाली.

आणि नळावरून मावशी ओरडल्या, "अहो वहिनी, कधीची आलेय मी!"